हॅकेथॉननंतरच्या मंगळवारी दार कोण उघडणार?

प्रश्न : आम्ही सहा मित्रमैत्रिणी मिळून एक छोटा, विनामोबदला प्रकल्प चालवतो. सार्वजनिक इमारती, दुकाने, बसथांबे अशा ठिकाणी व्हीलचेअर घेऊन जाता येते की नाही याची माहिती खुल्या नकाशावर नोंदवणे आणि ती कोणालाही सहज शोधता येईल असे सॉफ्टवेअर तयार करणे, हे आमचे काम. गेल्या वर्षी आम्ही छत्तीस तासांचे हॅकेथॉन, म्हणजे ठरावीक वेळ एकत्र बसून सॉफ्टवेअर तयार करण्याचा कार्यक्रम, घेतले. नव्वदच्या आसपास लोक आले, सतरा संघांनी प्रकल्प सादर केले, बक्षिसे वाटली आणि समारोपाला ‘आता भेटत राहू’ असे सगळेच म्हणाले. दीड महिन्यानंतर त्यांपैकी तिघेच उरले, आणि सतरा प्रकल्पांपैकी आज एकच धड चालू होतो. पाच महिन्यांनी दुसरे हॅकेथॉन घ्यायचे घाटते आहे. बक्षिसाची रक्कम वाढवावी आणि दोनशे लोक बोलवावेत, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. मला मात्र मागचे पाढे पंचावन्न होतील अशी धास्ती वाटते, आणि खरे सांगायचे तर मी आणि माझी एक सहकारी आता दमलो आहोत. आयोजन कसे करावे आणि आलेली माणसे टिकवावीत कशी?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘आता भेटत राहू’ हे वाक्य मी दोनदा वाचले. ते सगळेच म्हणाले, असे तुम्ही लिहिता. पण कधी, कुठे आणि कशासाठी भेटायचे हे कोणी सांगितल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. बाकीची माणसे तुम्हाला सोडून गेली असा तुमचा समज झालेला दिसतो. त्यांतल्या काही जणांच्या बाबतीत तो खराही असेल, कारण अशा कार्यक्रमाला हौसे, नवसे आणि गवसे सगळेच येतात. पण ज्यांना खरोखर परत यायचे होते, त्यांना परत येण्यासाठी दार कोणते, हे तुम्ही दाखवलेच नव्हते.

‘हॅकेथॉन’ या शब्दाचा जन्म दुहेरी आहे, आणि आयोजकाने तो ठाऊक करून घेतलेला बरा. जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या मुक्त, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले. कूटलेखनाचे, म्हणजे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याचे, सॉफ्टवेअर अमेरिकेतून बाहेर पाठवण्यावर त्या काळी कायदेशीर निर्बंध होते, म्हणून ते काम कॅनडात बसून करणे सोयीचे होते. जमलेली मंडळी त्या प्रणालीवर आधीपासून राबत होती, आणि आपापल्या घरी परतल्यावरही ते काम त्यांचेच राहणार होते. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या जावावन परिषदेत जॉन गेज यांनी उपस्थितांपुढे आव्हान ठेवले, की नुकत्याच बाजारात आलेल्या पाम व्ही या हातात मावणाऱ्या संगणकासाठी जावा भाषेत प्रोग्रॅम लिहून दाखवा. पहिल्या प्रकारात चालू असलेल्या कामाला काही दिवस एकत्र बसून जोर लावायचा असतो. दुसऱ्यात शून्यापासून काहीतरी उभे करून दाखवायचे असते. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. तुमची गफलत अशी झाली, की तुम्हाला हवा होता पहिला प्रकार आणि तुम्ही भरवला दुसरा. सतरा संघांना सतरा नव्या गोष्टी उभ्या करायला सांगितल्यावर तुमच्या मूळ प्रकल्पाला हात लावायचे कोणाला कारणच उरले नाही.

म्हणून बक्षिसाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते वाढवू नका, काढून टाका. बक्षीस लावले, की लोक परीक्षकांना काय आवडेल ते करतात, आणि परीक्षकांना पाच मिनिटांत जे चमकताना दिसते ते आवडते. छोटी बक्षिसेसुद्धा काय करू शकतात, याचे उदाहरण हॅक्टोबरफेस्टने घालून दिले आहे. ऑक्टोबर महिन्यात मुक्त प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल सुचवणाऱ्यांना टी-शर्ट देणारा हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. हेतू चांगलाच होता, पण २०२० साली रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाइलीत, एखादा निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवणाऱ्यांचा असा लोंढा आला, की प्रकल्प सांभाळणारे स्वयंसेवक तो कचरा उपसता उपसता वैतागले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला आहे त्यांनाच यात धरायचे, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. एका टी-शर्टाची ही कथा असेल, तर रोख रकमेचे काय होईल, याचा विचार तुमच्या सहकाऱ्यांपुढे जरूर मांडा. बक्षिसासाठी ठेवलेले पैसे पुढच्या तीन महिन्यांच्या बैठकांची जागा, सर्व्हरचे भाडे आणि तुमचे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरून पाहणाऱ्या व्हीलचेअरवरच्या लोकांचा प्रवासखर्च यांसाठी राखून ठेवा. दोनशेच्या आकड्यालाही माझा विरोध आहे. तुम्ही सहा जण आहात. चाळीस माणसांकडे तुम्ही नीट लक्ष देऊ शकाल, त्यापुढची खोगीरभरती होईल.

आता तयारीविषयी सविस्तर लिहिते, कारण हॅकेथॉन बिघडते ते बहुतेक वेळा सुरू होण्याआधीच. सभागृह, वाय-फाय, जेवण यांची यादी कोणीही करते. कामांची यादी मात्र आदल्या रात्री घाईघाईने होते. ती दोन महिने आधी सुरू करा. सतरा नव्हे, चार किंवा पाचच कामे निवडा, आणि प्रत्येक कामाला असा एक पालक नेमा, जो हॅकेथॉननंतर निदान तीन महिने त्या कामासाठी उपलब्ध राहील. असा पालक मिळत नसेल, तर काम कितीही आकर्षक असले तरी यादीतून वगळा. ही अट जाचक वाटेल, पण कोणाचीच नसलेली सतरा पोरकी कामे तुम्ही एकदा पाहिलेली आहेत.

दुसरी गोष्ट मी एका कार्यक्रमात जवळून पाहिली आणि ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक विद्यार्थी सकाळी दहाला उत्साहाने येऊन बसला. त्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प चालू होण्यासाठी जो डेटाबेस लागत होता, त्याची आवृत्ती जुळेना. मार्गदर्शक येऊन ‘हे एकदा करून बघ’ म्हणत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. पाचशे मेगाबाइटची फाइल उतरवायला सगळे एकाच वाय-फायवर लागल्यामुळे ती अर्ध्यावर तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. साडेतीन वाजेपर्यंत त्याने प्रकल्पाची एक ओळही पाहिली नव्हती. चारच्या सुमारास त्याने चार्जर गुंडाळला, गळ्यातले नावाचे कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि कोणाला काही न सांगता तो निघून गेला. अहवालात तो ‘सहभागी’ म्हणून मोजला गेला. मी तो अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक होते.

तेव्हापासून मी एक रंगीत तालीम सक्तीची मानते. प्रकल्पाशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला कोरा लॅपटॉप आणि तुमची लेखी सूचना द्या, स्वतः शेजारी हाताची घडी घालून बसा आणि तोंडातून अक्षरही काढू नका. तो जिथे जिथे अडेल, तिथे तिथे सूचना दुरुस्त करा. अर्ध्या तासात प्रकल्प त्याच्या पडद्यावर दिसला नाही, तर तुमची तयारी झालेली नाही. मोठ्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि ज्यांना काही बसवायचेच नाही अशांसाठी ब्राउझरमध्ये करता येणारी कामे वेगळी काढा.

कामे किती लहान करावीत, याचे उत्तम धडे तुमच्याच क्षेत्रात आहेत. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती काही दिवसांत ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर काढल्या. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमने कामाची अशी पद्धत बसवली, की नकाशाचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकाने एक चौकोन घ्यायचा, आणि तो पूर्ण झाला की दुसऱ्या, अनुभवी माणसाने तपासायचा. नवख्याला कुठून सुरुवात करू हा प्रश्न पडत नाही आणि त्याची चूक नकाशात तशीच राहण्याची शक्यताही कमी होते. २०१० सालीच सुरू झालेल्या व्हीलमॅपने तर काम याहून सुटसुटीत केले : एखादे ठिकाण व्हीलचेअरला पूर्णपणे सोयीचे, अंशतः सोयीचे की मुळीच सोयीचे नाही, हे रंगांच्या खुणेने नोंदवायचे. त्याला कोडची एक ओळ यावी लागत नाही. तुमच्या हॅकेथॉनमध्ये कोड न येणाऱ्यांसाठी अशी जागा पहिल्यापासून ठेवा. पुढे टिकणारी माणसे याच गटातून अधिक निघतात, असे माझे निरीक्षण आहे.

परवान्याचा, म्हणजे तयार झालेले काम इतरांनी कसे वापरायचे याचा, विषय नोंदणीच्या अर्जातच मिटवून टाका. परवाना न लिहिलेला कोड कायद्याने लिहिणाऱ्याच्याच मालकीचा राहतो आणि इतरांना तो वापरता येत नाही. तुमच्या सतरांपैकी काही प्रकल्प याच कारणाने तुम्हाला पुढे नेता आले नसतील. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल या खुल्या माहितीसाठीच्या परवान्याखाली असते, आणि दुसऱ्या व्यापारी नकाशांवरून पाहून तीत काही उतरवणे चालत नाही, हेही सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगा, नाहीतर दोन दिवसांची मेहनत पुसून टाकावी लागेल.

छत्तीस तास अखंड जागण्याची प्रथा मला कधीच पटलेली नाही. पहाटे तीन वाजता लिहिलेला कोड दुपारी कोणालाच वाचता येत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. शिवाय ज्यांच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, किंवा ज्यांना स्वतःच्या शरीराची वेळापत्रके सांभाळावी लागतात, ती माणसे अशा कार्यक्रमातून आपोआप वगळली जातात. तुमचा विषय पाहता हे विशेष खटकते. दहा ते सहा असे दोन दिवस पुरेत. जागा निवडताना उतार, दारांची रुंदी आणि स्वच्छतागृह स्वतः व्हीलचेअर नेऊन पाहा, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यांना शेवटी प्रात्यक्षिक पाहायला बोलावण्याऐवजी कामांची यादी ठरवताना बोलवा. आचारसंहिता लेखी असावी आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोघांची नावे भिंतीवर असावीत. एवढे सांगून पुढे जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कोड लिहिणे थांबवायला सांगा. लोक कुरकुरतील. उरलेला वेळ सादरीकरणाच्या चित्रांना रंगरंगोटी करण्यासाठी नाही, तर काम सुपूर्द करण्यासाठी आहे. प्रत्येक गटाने रीडमीत चार गोष्टी लिहायच्या : हे काय आहे, कसे चालवायचे, काय अर्धवट राहिले, आणि पुढच्या माणसाला एका संध्याकाळी करता येतील अशी तीन कामे कोणती. ती तीन कामे तिथल्या तिथे रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे साठवला जातो तिथे, इश्यू म्हणजे बाकी काम म्हणून नोंदवून घ्या. दस्तऐवज नंतर निवांत लिहू, असे म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे; घरी गेल्यावर ते कोणीही लिहीत नाही. प्रात्यक्षिकात बिघडलेला भागही दाखवायला सांगा, कारण पुढे कोणाला मदत करावीशी वाटेल तर ती तिथेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. शनिवार-रविवारी हॅकेथॉन झाले, की पुढच्या मंगळवारी, किंवा जो वार तुम्हाला जमेल त्या वारी, पहिली बैठक व्हायलाच हवी, आणि तिची तारीख, वेळ आणि जागा हॅकेथॉनच्या निमंत्रणातच छापलेली हवी. ‘कोणाला कोणता वार जमेल’ असे विचारत बसू नका. त्या चर्चेत तीन आठवडे जातात आणि नव्याचे नऊ दिवस संपतात. ठरलेला वार किती कामाचा असतो, हे शिकागोतल्या मंडळींनी दाखवले आहे : लोकोपयोगी सॉफ्टवेअरसाठी जमणाऱ्यांची तिथली ची हॅक नाइट २०१२ पासून अनेक वर्षे दर मंगळवारी भरत असे. तैवानातील गव्हझीरो हा असेच नागरी प्रकल्प करणारा समूहही २०१२ चाच. त्यांची मोठी हॅकेथॉन्स साधारण दर दोन महिन्यांनी होतात, आणि तिथे प्रकल्प मांडण्याला ‘खड्डा खणणे’ म्हणतात. खड्डा एकाने खणायचा आणि तो बुजवायला इतरांनी उडी घ्यायची, असा त्यातला गमतीचा भाव आहे. दोन्ही ठिकाणी हॅकेथॉन हा वर्षातून एकदा येणारा सोहळा न राहता कामाची सवय झाली. तुम्हाला दर आठवड्याला जमणार नसेल तर पंधरा दिवसांनी भेटा, पण वार बदलू नका आणि दोनच माणसे आली तरी बैठक रद्द करू नका. ज्या दिवशी तिसरा माणूस येऊन बंद दार पाहील, त्या दिवसापासून तो येणार नाही.

हॅकेथॉन संपल्यापासून दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला स्वतंत्र संदेश गेला पाहिजे. सगळ्यांना एकच ‘मनःपूर्वक आभार’ पाठवून भागत नाही. त्या माणसाने नेमके काय केले ते त्यात लिहा आणि त्यालाच जमेल असे एक छोटे काम सुचवा. चाळीस संदेश सहा जणांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सातच येतात. दोनशे माणसे का नकोत, याचे हे आणखी एक कारण.

याहून महत्त्वाचे आहे ते आलेल्या कामाला उत्तर देणे, आणि इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. एका हॅकेथॉनला एक निवृत्त मुद्रितशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी आमच्या यादीतली स्थळांची नावे वाचून चाळीसेक नोंदींतले लेखन एकसारखे केले, घरी जाऊन आणखी काही दुरुस्त्या केल्या आणि कोणाच्या तरी मदतीने आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली. ती तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती पाहिली, ‘रविवारी नीट बघू’ असे मनाशी म्हटले, आणि ते घोंगडे तीन आठवडे भिजत पडले. नंतर मी ती मर्ज केली, म्हणजे प्रकल्पात सामावून घेतली, आणि खाली ‘धन्यवाद’ लिहिले, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. बऱ्याच काळाने भेटल्या तेव्हा मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तुम्ही कोणी बोलत नाही.” तुम्ही नियम करा, की नवख्याच्या पहिल्या कामाला दोन दिवसांत उत्तर जाईल, मग ते ‘पाहिले, शनिवारी तपासते’ एवढेच का असेना. हे पाळण्यासाठी आठवड्यागणिक एकाची पाळी लावा आणि त्या आठवड्यात त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नका.

तुमच्या थकव्याचे मूळही बहुधा इथेच आहे. डोमेनचे नूतनीकरण, सर्व्हरचे पासवर्ड, सभागृहाची किल्ली, सगळे तुम्हा दोघांकडेच असणार. पत्रातून तरी तसे जाणवते. यातली प्रत्येक गोष्ट आणखी किमान एका माणसाच्या हाती सोपवा, आणि ती नवख्यांपैकी एखाद्याच्या हाती गेली तर उत्तमच, कारण ज्याच्याकडे किल्ली असते तो वेळेवर येतो. जबाबदाऱ्या तीन महिन्यांच्या मुदतीने द्या. मुदत संपली, की ‘पुढे चालू ठेवायचे आहे की थांबायचे आहे’ असे सरळ विचारा, आणि थांबणाऱ्याला सर्वांदेखत निरोप द्या. संकोचाने अडकून पडलेला स्वयंसेवक शेवटी फोन उचलायचा बंद होतो, तर मानाने सुटलेला अनेकदा परत येतो. हा नियम तुम्हा दोघांनाही लागू आहे.

गेल्या वर्षीच्या सोळा मृत प्रकल्पांना जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या रेपॉझिटरी केवळ वाचनासाठी खुल्या ठेवून बंद करा, त्यांत काही उपयोगी भाग असेल तर तेवढा काढून घ्या, आणि लिहिणाऱ्यांना तसे कळवा. यशाचे मोजमापही बदला : किती आले, हे विचारण्यापेक्षा तीन महिन्यांनी कितीजणांनी दुसरे काम केले, ते मोजा. चाळिसांतल्या आठांनी केले, तर मी ते हॅकेथॉन उत्तम झाले असे म्हणेन.

जे तिघे अजून तुमच्याबरोबर आहेत, त्यांच्याविषयी तुम्ही एका अर्ध्या वाक्यापलीकडे काहीच लिहिलेले नाही. दुसऱ्या हॅकेथॉनची तारीख ठरवण्याआधी त्या तिघांना एकेकटे भेटा. ते का राहिले, पहिल्या महिन्यात त्यांना कोणी काय दिले किंवा काय सांगितले, आणि कोणत्या वेळी तेही निघून जाण्याच्या बेतात होते, हे विचारा आणि लिहून घ्या. पाच महिन्यांतला पहिला आठवडा याच कामाला द्या.